तिर्झेपेटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन : डोस हळूहळू वाढवण्याचा अनुभव, सांगली-मिरज

सांगलीत सध्या चार बायका एकत्र बसल्या की एक तरी इंजेक्शनवर असतेच आणि दुसरी लगेच विचारते, "कितीवर पोचलीस?" जणू काही इयत्ताच आहेत, अडीच मिलिग्रॅमचा डोस म्हणजे पहिली आणि पंधरा म्हणजे दहावी, आणि जी पाचवर आहे ती मागं राहिली. मला हे अजिबात पटत नाही आणि म्हणूनच हा रिव्ह्यू लिहितीये. औषध म्हणजे तिर्झेपेटाइड, शुगर आणि वजन उतरवायचं, बाजारात माउंजारो नावानं मिळतं ते. औषधाला माझ्याकडून पाचपैकी चार, आणि ज्या पद्धतीनं माझ्या डॉक्टरांनी डोस वाढवला, आणि मुख्य म्हणजे जिथं वाढवला नाही, त्याला पाचपैकी पाच. डॉक्टरांचं नाव टाकत नाही, मिरजेत आहेत आणि हार्मोनचे स्पेशालिस्ट आहेत एवढंच सांगते.

आधी माझं थोडक्यात. वय ४८, विश्रामबागला राहते, पतसंस्थेत कॅशियर, दिवसभर खुर्ची. शुगर बऱ्याच वर्षांपासून, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू, वजन ९६ किलो आणि गुडघे असे की पतसंस्थेचा जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागायचं. चालणं, डाएट, गरम पाणी-लिंबू, सगळं करून झालेलं, पाच-सहा किलो उतरायचं आणि लग्नसराई आली की परत चढायचं.

सगळ्यात आधी मी शहरातल्या एका वेट लॉस सेंटरमधे चौकशी केली होती. नाव नको. तिथं भिंतीवर तक्ताच होता, पहिला महिना अडीच, दुसरा पाच, तिसरा साडेसात, चौथा दहा, आणि तसंच पॅकेज, पैसे आधी भरायचे. मी विचारलं की मला त्रास झाला तर, तर समोरची मुलगी म्हणाली "मॅडम सगळ्यांना तसंच देतो." घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर होता का, पित्ताशयात खडे आहेत का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, शुगरच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, यातला एकही प्रश्न नाही. वजनकाट्यावर उभं केलं, कंबर मोजली आणि पावतीपुस्तक काढलं. मी उठून आले. मला अजूनही त्या तक्त्याचा राग येतो, कारण तिथं बसलेल्या बाकीच्या बायका मुकाट्यानं फॉर्म भरत होत्या.

मिरजेला गेले तिथं पहिल्या भेटीत इंजेक्शनच दिलं नाही. आधी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनी, लिव्हर, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी आणि डोळ्याचा पडदा तपासून या म्हणाले. डोळ्याचं कशाला असं मला वाटलं, तर त्यांनी सांगितलं की जुनी शुगर असलेल्या माणसाची शुगर एकदम झपकन खाली आली तर पडद्याचा आधीच असलेला त्रास काही वेळा वाढतो, म्हणून आधी बघून घ्यायचं. आणि ग्लिमेपिराइडची गोळी पहिल्या इंजेक्शनच्या आधीच अर्धी केली, कारण ती गोळी आणि हे इंजेक्शन एकत्र असलं की शुगर फार खाली जाऊन चक्कर येऊ शकते. इन्सुलिनवाल्यांनी तर हे विचारूनच पुढं जावं.

आता डोस हळूहळूच का वाढवायचा, ते त्यांनी जसं समजावलं तसं सांगते, कारण हे कळलं की निम्मी घाई आपोआप कमी होते. आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-वन आणि जीआयपी अशी हार्मोन सुटतात, हे औषध त्या दोन्हींसारखं काम करतं. पोट सावकाश रिकामं होतं, मेंदूला "पुरे" हा निरोप लवकर पोचतो, शुगर वाढली की इन्सुलिन जास्त सुटतं. पण पोटाला आणि मेंदूतल्या मळमळीच्या केंद्राला ह्याची सवय नसते, एकदम मोठा डोस टोचला तर उलट्या ठरलेल्या. म्हणून अडीच मिलिग्रॅमनी सुरुवात, आणि तो अडीचचा डोस वजन उतरवायला नसतोच मुळी, तो शरीराला ओळख करून द्यायला असतो. कमीत कमी चार आठवडे अडीच, मग पाच, आणि पुढं गरज असेल तरच अडीच-अडीचनी वर, प्रत्येक पायरीवर कमीत कमी चार आठवडे, जास्तीत जास्त पंधरा. ह्यातला "कमीत कमी" आणि "गरज असेल तरच" हे दोन शब्द लोक गाळूनच टाकतात.

आणि चारच आठवडे का, ह्याचंही कारण आहे. हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच दिवस घेतं, आणि आपण दर आठवड्याला नवीन टोचतो, म्हणजे आधीचं थोडं शिल्लक असतानाच त्यावर नवीन पडतं आणि रक्तातली पातळी चढत चढत साधारण चौथ्या आठवड्याला एका जागी स्थिर होते. त्यामुळं नवीन डोसच्या दुसऱ्या आठवड्यातच "काही फरकच नाही, वाढवा" म्हणण्यात अर्थच नाही, औषध अजून पूर्ण चढलेलंच नसतं.

माझा अडीचचा महिना तसा सोपा गेला. आंबट ढेकर यायचे, तेवढंच. पण एक गोष्ट मला पहिल्यांदा जाणवली ती संध्याकाळी ऑफिसात. आमच्याकडं साडेचारला भडंग येतो, कांदा-कोथिंबीर-लिंबू घालून, आणि वर्षानुवर्षं मी चारपासूनच घड्याळ बघत असायचे. आता पातेलं समोर आलं, मी दोन मुठी खाल्ल्या आणि हात थांबला. मी थांबवला नाही, थांबला. भडंग आवडायचा बंद झाला नव्हता, चव तीच होती, पण डोक्यात जी खाण्याची कुरकुर कायम चालू असते ना ती गप्प होती. हे ज्यांना कधी झालं नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण ज्यांनी आयुष्यभर "तोंडावर ताबा ठेव गं" ऐकलंय त्यांना लगेच कळेल.

पाचवर गेल्यावर मात्र त्रास झाला. मी रविवारी सकाळी टोचते, सोमवार बरा जायचा आणि मंगळवारी मळमळ. पोट साफ न होणं हा दुसरा त्रास, आणि तो मळमळीपेक्षा जास्त चिवट. सगळ्यात वाईट दिवस म्हणजे संकष्टी. गणपती मंदिरात जाऊन आले, दिवसभर उपाशी, आणि चंद्रोदयाच्या आधी भूक लागली म्हणून साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे आणि तूप सढळ हातानं घातलेली, वर बटाट्याचा कीस. नेहमीच्या निम्मीच खाल्ली तरी ती पोटात दगडासारखी पडून राहिली, रात्री दोनला उलटी झाली तेव्हा खिचडी तशीच्या तशी बाहेर. पोट सावकाश रिकामं होतं म्हणजे काय ते त्या रात्री नीट कळलं. तेलकट, तुपकट आणि उपाशीपोटी एकदम, हे तिन्ही ह्या औषधावर चालत नाही. उपासाला आता मी ताक, राजगिऱ्याची लाही दुधातून, एखादं फळ असं थोडं थोडं घेते. सासूबाईंनीच सांगितलं, "देव काय वाटी मोजत नाही, तू जमेल तसं खा."

दवाखान्यातल्या डायटीशियन बाई चांगल्या आहेत, त्यांनी परदेशी काही सांगितलं नाही. मटकीची उसळ, मुगाचं धिरडं, अंडी, दही, ताक, घट्ट वरण, आणि ताटात हे आधी खायचं, भाकरी नंतर, कारण भूक कमी झाल्यावर जे आधी खाल तेवढंच पोटात जातं. प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही उतरतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा हलकं वजन उचलायचं, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं असले व्यायाम. पहिला ढेकर आला की हात धुवायचे. पाणी आठवणीनं प्यायचं, कारण तहानही कमी लागते. आणि ज्या महिन्यात डोस वाढेल त्या पहिल्या दोन आठवड्यात लग्नाची जेवणं टाळायची, हे मला फार उपयोगी पडलं.

आता खरी गोष्ट. पाचवर महिना झाला, वजन उतरत होतं, आणि माझ्या मावसबहिणीचं साडेसात सुरू झालेलं (तिचं दुसरीकडं चालू आहे), म्हणून मी गेले आणि म्हणलं डॉक्टर मलाही वाढवा. त्यांनी वही पुढं ओढली आणि विचारलं,

"ताई, वजन उतरतंय का?"

"उतरतंय की."

"भूक आवरतीये?"

"हो."

"मंगळवारची मळमळ गेली?"

"नाही, आहे अजून थोडी."

"मग वाढवायचं कशासाठी? मळमळ चालू असताना वर गेलं तर ती दुप्पट होऊन येते. आणि वरची पायरी राखून ठेवा, जेव्हा खरंच अडेल तेव्हा हाताशी पाहिजे."

मला तेव्हा खरं तर थोडं वाईट वाटलं, पण त्यांनी मग आकडेच दाखवले. २०२२ मधे ह्या औषधाचा जो मोठा अभ्यास छापून आला, शुगर नसलेल्या जाड लोकांचा, ७२ आठवड्यांचा, त्यात पाचच्या डोसवर सरासरी १५ टक्के वजन कमी झालं, दहावर १९.५ आणि पंधरावर २०.९ टक्के. म्हणजे मोठा वाटा पाचवरच पडला, आणि दहाचे पंधरा केल्यावर दीड टक्क्याच्या आसपासच फरक. शुगरवाल्यांचा वेगळा अभ्यास २०२३ ला आला, त्यात दहावर १२.८ आणि पंधरावर १४.७ टक्के. शुगर असेल तर वजन जरा कमीच उतरतं, त्यामुळं शुगर नसलेल्या मैत्रिणीशी स्वतःची तुलना करून डोस वाढवून मागणं चुकीचंच. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं आणि त्या तक्तेवाल्या सेंटरमधे तर कधीच सांगितलं नसतं, कारण त्यांचा धंदाच पुढच्या पायरीवर.

मग पाचवरच राहिले, चांगली बरीच राहिले. मळमळ आपोआप गेली. पुढं एका टप्प्यावर वजन खरंच अडलं, महिना दीड महिना काटा हलेना आणि दुपारची भूकही परत आली, तेव्हा त्यांनी स्वतःहून साडेसात केलं. साडेसातचे पहिले दोन आठवडे परत ढेकर आणि बद्धकोष्ठ, पण पाचच्या वेळेइतकं नाही. आता मी ८१ किलोवर आहे, एचबीएवनसी ८.४ वरून ६.५ वर आलंय आणि ग्लिमेपिराइड पूर्ण बंद झालीये. दहा करायचं का, तर आत्ता तरी नाही. आणि वर गेलेला डोस खाली आणता येत नाही असंही नाही, त्रास सहन झाला नाही तर डॉक्टर एक पायरी खाली आणतात, त्यात हरण्यासारखं काही नाही.

ह्याउलट आमच्या ओळखीतल्या एकांचं ऐका. ते सेमाग्लुटाइडवर होते, म्हणजे असंच आठवड्याचं पण दुसरं इंजेक्शन, त्याच्या पायऱ्या वेगळ्या, ०.२५, मग ०.५, १, १.७ आणि २.४, प्रत्येकी चार आठवडे. ह्यांनी ०.२५ नंतर स्वतःच्या मनानं थेट १ चं पेन आणलं, वजन उतरत नाही म्हणून. तीन दिवस उलट्या, पाणी पोटात ठरेना, शेवटी ॲडमिट करून सलाईन लावलं आणि किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, वाढलेलं निघालं. सुदैवानं किडनी सावरली. सेमाग्लुटाइडचं पेटंट भारतात मार्च २०२६ मधे संपलंय, त्यामुळं स्वस्तातले पर्याय येणं चांगलंच आहे, मला त्याचा आनंदच आहे, पण स्वस्त झालं की मेडिकलमधून आणून स्वतःच डोस वाढवणारे वाढणार ह्याची मला खरंच काळजी वाटते. आणि एक, सेमाग्लुटाइडचा १ आणि तिर्झेपेटाइडचा ५ ह्यांची तुलना करू नका, औषधं वेगळी, मिलिग्रॅमचा हिशोब वेगळा.

डोस चुकला तर काय, हेही लिहिते कारण वारीच्या दिवसात हा प्रश्न येतोच. तिर्झेपेटाइडचा दिवस चुकला तर चार दिवसांच्या आत आठवलं तर टोचून घ्यायचं, त्याहून उशीर झाला तर तो सोडून द्यायचा आणि पुढच्या ठरल्या दिवशी घ्यायचं, दोन एकत्र कधीच नाही. पण लागोपाठ दोन-तीन आठवडे सुटले तर परत त्याच मोठ्या डोसनी सुरू करू नका, डॉक्टरांना फोन करा, कारण पोटाची सवय मोडलेली असते आणि बऱ्याचदा खालच्या पायरीवरून परत चढायला लागतं.

पेनबद्दल. एका पेनमधे चार डोस, म्हणजे एक पेन एक महिना, आणि प्रत्येक पेनचा डोस ठरलेला, पाचचं पेन म्हणजे पाचच. दर वेळी नवीन सुई लावायची, आधी थोडं औषध हवेत सोडून बघायचं की सुईच्या टोकाला थेंब येतोय, मग चकती अडेपर्यंत फिरवायची, खिडकीत १ दिसला की पोटाला किंवा मांडीला टोचून बटण पूर्ण दाबायचं आणि सावकाश पाचपर्यंत मोजून मगच सुई काढायची. घाईत काढली तर थेंब बाहेर राहतो. चार डोस झाल्यावर पेनमधे थोडं औषध शिल्लक दिसतं, ते पाचव्या वेळेसाठी नसतं, जीव तुटला तरी टाकून द्यायचं. आणि मोठ्या डोसचं पेन आणून चकतीचे क्लिक मोजून अर्धा-अर्धा डोस घ्यायचा असले जे व्हिडिओ फिरतायत त्यांच्या नादी लागू नका, हे पेन त्यासाठी बनवलेलंच नाही, किती गेलं ते कळणारच नाही आणि मग हळूहळू वाढवण्याला अर्थच काय राहिला.

फ्रीजमधे २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून अजिबात नाही, एकदा गोठलं की ते पेन बाद. बाहेर ३० डिग्रीच्या आत काही दिवस चालतं, पण आपल्याकडं एप्रिल-मेमधे घरातच त्याहून जास्त असतं, त्यामुळं मी पुण्याला जाताना एसटीत छोट्या थंड पिशवीत, जेलपॅकला फडक्यात गुंडाळून नेते, म्हणजे थेट बर्फ लागत नाही.

आता पैसा, आणि एक स्टार मी इथंच कापलाय. मार्च २०२५ मधे हे भारतात आलं तेव्हा अडीचची एका डोसची बाटली ३,५०० आणि पाचची ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला १४,००० आणि १७,५००. नंतर पेन आलं, आणि सप्टेंबर २०२५ मधे औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाल्यावर जरा उतरलं. पण वरच्या पायऱ्यांना ह्याहून जास्त पडतं. आमच्यासारख्या घरात हा मोठाच खर्च आहे, ह्यांनी गाडी बदलायची होती ती पुढं ढकलली आणि एका शब्दानं बोलले नाहीत. म्हणूनही विनाकारण पायरी चढू नये असं मला वाटतं, ज्या डोसवर काम होतंय त्यावर राहिलं की पैसेही वाचतात. आणि बंद केलं की वजन परत येऊ शकतं, हेही अभ्यासात दिसलंय, त्यामुळं सुरू करतानाच दोन-तीन वर्षांचा हिशोब मांडा. घ्यायचं तर चिठ्ठी दाखवून, पक्कं बिल आणि बॅच नंबर बघून, व्हॉट्सॲपवर घरपोच देणाऱ्यांकडून नको.

केस गळाले थोडे, ते आता थांबलंय. चेहरा उतरला, नातेवाईक "आजारी आहेस का" विचारतात, त्याची सवय झाली.

घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर कुणाला असेल तर हे औषध नाहीच. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल तरी नाही, आणि पाळणा लांबवायची गोळी घेणाऱ्या मुलींनी हे खास लक्षात ठेवा की औषध सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढल्यावर चार आठवडे त्या गोळीचा भरवसा नसतो, दुसरं साधन वापरायचं. पोटात जोरात दुखून ते पाठीत जायला लागलं तर स्वादुपिंडाची सूज असू शकते, त्याला गॅस म्हणून घरी बसू नका. कुठलंही ऑपरेशन असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आठवड्याचं इंजेक्शन चालू आहे हे आधी सांगा.

मिरजेच्या दवाखान्याबद्दल एकच तक्रार, वेटिंग. दीड-दोन तास धरूनच जा, डबा घेऊन जा, थोडं थोडं खायचं असतं आपल्याला. पण आत गेल्यावर घाई करत नाहीत, दर वेळी वहीत मळमळ, पोट, भूक, वजन असं लिहून मगच डोसचं बोलतात.

आणि सुया घंटागाडीत टाकू नका. ओला-सुका वेगळा करणाऱ्या त्या बायकांच्या हाताला टोचतात. मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवते, झाकण लावून, आणि तपासणीला जाताना दवाखान्यात देते, तिथं सुयांचा पांढरा डबा असतो त्यात ते टाकतात.